उत्तरेची खिडकी, कडक भाकरी आणि जॅकार्डची कार्डे : स्थिरचित्राच्या सरावाची नोंद

माझ्या खोलीतील मांडणी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापासून हललेली नाही. पितळेचा तांब्या, कडक भाकऱ्यांची चळत, मालदांडी ज्वारीची दोन कणसे, एक डाळिंब आणि या सर्वांच्या मागून खाली उतरणारी घरातली जुनी सोलापुरी चादर, एवढ्याच वस्तू तिच्यात आहेत. दर आठवड्याला नवी मांडणी करण्याचा माझा मूळ बेत होता, तो मी मोडला. याच एका मांडणीची सात रेखाचित्रे आणि मिश्र माध्यमातील, म्हणजे रंग, कोळसा आणि चिकटवलेल्या वस्तू एकत्र वापरलेली, दोन चित्रे आतापर्यंत झाली आहेत.

फळे-भाज्या मांडून चित्र काढणाऱ्यांना तिसऱ्या दिवशीची अडचण ठाऊक असते. कडक भाकरीला ती नाही. ती आठवडेच्या आठवडे तशीच राहते, तिच्या कडा किंचित वर वळलेल्या असतात, तव्यावरचे करपलेले डाग तिच्यावर ठिकठिकाणी असतात आणि कोळशाच्या एका तिरक्या फटकाऱ्यात तिचा खरखरीतपणा कागदावर उतरतो. सासूबाईंचे मत मात्र असे आहे की भाकरी खायची असते, महिनाभर तिच्याकडे बघत बसायचे नसते. डाळिंबाचे उलट झाले. त्याची साल रोज थोडी आक्रसत गेली, गोल वाटणाऱ्या फळाला स्पष्ट कंगोरे आले आणि चौथ्या रेखाचित्रापासून ते काढणे पुष्कळ सोपे झाले, कारण कंगोरा आला की उजेड कोठे संपतो हे निश्चित होते.

सर्वांत जास्त वेळ तांब्याने खाल्ला. शाळेत असताना चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेसाठी असे तांबे मी डझनांनी काढले होते आणि नेमकी तीच सवय आता आड आली. तांब्याचे तोंड लंबवर्तुळाकार काढायचे, त्याची दोन टोके नकळत टोकदार करायची आणि तळाशी मात्र जवळजवळ सरळ रेघ ओढायची, कारण तांब्या सपाट टेबलावर टेकला आहे हे आपल्याला ठाऊक असते. प्रत्यक्षात तळ हा तोंडापेक्षा डोळ्याच्या पातळीच्या अधिक खाली असतो, त्यामुळे तळाचे लंबवर्तुळ तोंडाच्या लंबवर्तुळापेक्षा अधिक उघडलेले दिसले पाहिजे. हात कोपरात न वाकवता पेन्सिल समोर धरून, एक डोळा मिटून मी मापे घेतली, तेव्हा तोंडाची रुंदी उंचीच्या सुमारे पाचपट आणि तळाची जेमतेम साडेतीनपट भरली. भाकऱ्यांची चळत या बाबतीत उत्तम शिक्षक ठरली. एकावर एक सहा भाकऱ्या म्हणजे सहा पातळ्यांवरची सहा लंबवर्तुळे, आणि वरून खाली येताना प्रत्येक थोडे थोडे रुंदावत जाते. भाकऱ्या वाकड्या असल्यामुळे हा नियम डोळे मिटून लावता येत नाही, प्रत्येक कड पुन्हा पाहावीच लागते.

आता प्रकाशाविषयी, कारण या खेपेस खरा घोटाळा तेथेच झाला. चित्रकलेची पुस्तके उत्तरेच्या खिडकीची शिफारस करतात, कारण त्या खिडकीतून थेट ऊन येत नाही आणि सावल्या दिवसभर जागच्या जागी राहतात. मी मोठ्या विश्वासाने उत्तरेच्या खिडकीपाशी टेबल मांडले. एप्रिलच्या मध्यापासून सकाळी नऊच्या सुमारास चादरीच्या घडीवर उन्हाची तिरपी पट्टी पडू लागली आणि आदल्या दिवशी रंगवलेली सावली तिच्याखाली नाहीशी झाली. कारण शोधले तेव्हा लक्षात आले की ती शिफारस युरोपातल्या अक्षांशांसाठी आहे. सोलापूर साधारण साडेसतरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. मार्चच्या विषुवदिनानंतर सूर्य पूर्वेच्या उत्तरेला उगवतो, मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर असतो, आणि त्यानंतर ऑगस्टच्या आरंभापर्यंत भर दुपारीदेखील सूर्य आपल्या उत्तरेकडेच असतो. म्हणजे पुस्तकातली उत्तरेची खिडकी आपल्याला हिवाळ्यात मिळते, उन्हाळ्यात नाही. उपाय साधा निघाला. खिडकीच्या काचेवर मी बटर पेपरचे दोन थर लावले. उन्हाची पट्टी गेली आणि उजेड मऊ झाला, पण सावल्यांच्या कडाही मऊ झाल्या. त्यामुळे तांब्याची पडलेली सावली मला नव्याने पाहावी लागली: तांब्याच्या बुडाशी ती गडद व रेखीव असते आणि दूर जाताना फिकी व धूसर होते. आधीच्या तीन चित्रांत मी ती सगळीकडे सारखीच काळी केली होती.

मिश्र माध्यमाकडे मी वळलो तो चादरीमुळे. तिचे नक्षीकाम इतके ठळक आहे की ते प्रामाणिकपणे रेखाटले तर तांब्या आणि भाकऱ्या मागे पडतात, आणि गाळले तर ती सोलापुरी चादर राहत नाही. सोलापूरच्या पूर्व भागातील ओळखीच्या एका यंत्रमागवाल्या काकांनी जॅकार्डची, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्रणेची, काही बाद झालेली कार्डे मला दिली. या पुठ्ठ्याच्या कार्डांवर भोकांच्या रूपाने नक्षी साठवलेली असते. भोक आले की त्या जागचा ताण्याचा (उभा) धागा उचलला जातो, नसले की खालीच राहतो. चादरीची नक्षी हाताने काढण्याऐवजी ती जिच्यातून विणली जाते ती वस्तूच चित्रात चिकटवावी, असे मला वाटले. फ्रेंच चित्रकार जॉर्ज ब्राकने १९१२ साली लाकडाच्या रेषांचा छापील भिंतकागद चित्रात चिकटवून त्यावर कोळशाने रेखाटन केले, तो मार्ग डोळ्यांसमोर होता.

पहिले चित्र फसले. एकसारख्या भोकांच्या रांगा इतक्या आग्रही होत्या की नजर तांब्यावर ठरेना. वस्तू चिकटवताना मी तिची मौज पाहिली, तिची छटा पाहिलीच नाही. दुसऱ्या चित्रात आधी केवळ तीन छटांचे लहान टिपण केले, डोळे किलकिले करून चादरीचा कोणता भाग मध्यछटेत आणि कोणता गडद छटेत मोडतो हे ठरवले, आणि कार्डे फक्त घडीच्या सावलीच्या बाजूला लावली. त्यांच्याखालचा कागद आधी काळा केला, म्हणजे भोकांतून काळोख दिसतो. उजेडाच्या बाजूला येणारी भोके पांढऱ्या पतंगी कागदाने झाकली, ती आता पुसटशी जाणवतात.

गुळगुळीत पुठ्ठ्यावर कोळसा धरत नाही, म्हणून वर गेसोचा, म्हणजे रंग धरण्यासाठी द्यायच्या पांढऱ्या अस्तराचा, पातळ हात द्यावा लागतो. विकतचा गेसो महाग पडतो. तीन भाग व्हाइटिंग पावडर (खडूची भुकटी), एक भाग फेव्हिकॉल, थोडा पांढरा ॲक्रिलिक रंग आणि डोशाच्या पिठाइतके सैल होईपर्यंत पाणी, हे माझे प्रमाण आहे. आपल्या उन्हाळ्यात हे मिश्रण पाहता पाहता वाळते, म्हणून एका वेळी वाटीभरच करावे. कणसांचे दाणे पांढऱ्या ऑइल पेस्टलने ठिपके देऊन काढले आणि वरून जलरंगाचा तपकिरी हात फिरवला. मेणामुळे पाणी दाण्यांवरून ओघळते आणि मालदांडीचा मोत्यासारखा दाणा आपोआप उरतो. हे काम ॲक्रिलिक पूर्ण झाल्यावरच करावे, कारण पेस्टलच्या मेणावर ॲक्रिलिक नीट बसत नाही. पेस्टलच्या कांड्या दुपारी लोण्यासारख्या होतात, त्या मी माठाशेजारी ठेवतो.

एक अडचण अजून सुटलेली नाही. एका बाजूने चिकटवलेला कागद वाळताना आवळतो आणि ३०० ग्रॅमचा जाड कागदसुद्धा धनुष्यासारखा वाकतो. उलट बाजूने तेवढाच कागद चिकटवून ताण समतोल करण्याचा प्रयोग काल केला आहे. ओला कागद सध्या दोन प्लायवूडच्या मध्ये, घरातल्या दगडी पाट्याखाली दाबून ठेवला आहे. दोन दिवस तो हलवायचा नाही, आणि उद्याच्या वाटणासाठी पाटा मागितला जाणार, अशी चिन्हे स्वयंपाकघरात दिसत आहेत.