अंजनाची तीन पोती

माण तालुक्यातल्या एका गायरानावर अंजन गवत पेरायचं होतं. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तीन ठिकाणांहून बियाण्याची तीन पोती आली. समितीतल्या मंडळींनी पिवळंधमक, फुगीर असं पहिलं पोतं मनाशी पक्कं केलं होतं. तिसरं दोन हंगाम जुनं, मळकट. "साहेब, ते परतच पाठवा," असं एका मामांनी सांगूनही टाकलं.

अंजनाचं बी म्हणून आपण जे विकत घेतो ते नुसते केसाळ झुबके असतात. आत एखाद-दोन दाणे असतात, नाहीतर काहीच नसतं. प्रत्येक पोत्यातून वरची, मधली आणि तळाची मूठ काढली. (तळाची विसरायची नाही. भरलेला दाणा जड, तो गाडीच्या हादऱ्यांनी खाली बसतो.) ढिगाचे चार भाग केले, समोरासमोरचे दोन बाजूला सारले, उरलेले मिसळून पुन्हा चार, असं करत चिमटीवर आणलं. मग 100 झुबके मोजून टायरच्या रबरी ट्यूबच्या दोन तुकड्यांत हलके रगडले, काळ्या कापडावर फुंकर मारली.

पहिल्या पोत्यातून 9 झुबक्यांत दाणा निघाला. दुसऱ्यात 63, तिसऱ्यात 52. मामांनी पहिल्यातला एक झुबका नखाने स्वतः फोडून बघितला. पोचट.

यात नवल काही नाही. अंजन एकदम पिकत नाही, आणि पिकलेलं बी हात लागताच गळतं. गोळा करणाऱ्याला मजुरी किलोवर मिळते, म्हणून तो गळायच्या आत हिरवट कणसंच ओरबाडतो. ती वाळली की छान पिवळी दिसतात.

उगवण चाचणीला प्रत्येकी 400 झुबके ओल्या कागदावर लावले, शंभराच्या चार पाळ्या. 28 दिवसांनी पहिल्यात 3 टक्के, दुसऱ्यात 8, तिसऱ्यात 37. दुसऱ्याचे 63 भरलेले आणि उगवले फक्त 8! इथेच बरेच जण बियाणं मेलं म्हणून फेकून देतात. न उगवलेले दाणे चिमट्याने दाबले. मेलेला दाणा पिचतो, पाणी सुटतं. हे बहुतेक टणक होते, कापल्यावर आत पांढरे. गेल्या नोव्हेंबरचं बी, अजून झोपेत. अंजनाची ही सुप्तावस्था सहा महिने ते वर्षभर टिकते, त्यामुळे जुनं बी कधीकधी नव्यापेक्षा सरस ठरतं.

काडी-माती वजा जाता तिसऱ्यात 82 टक्के झुबके होते. 82 गुणिले 37, भागिले 100, म्हणजे साधारण 30 टक्के कामाचं बी. हेक्टरी दीड किलो कामाचं बी धरलं तर 5 किलो लागतं. दुसऱ्याची शुद्धता 85, पण त्याच हिशेबाने हेक्टरी 22 किलो लागले असते. ते कापडी पिशवीत कोरड्या जागी पुढच्या वर्षासाठी ठेवलं.

तिसरं पेरलं. केसाळ बी वाऱ्यावर उडतं आणि हातातून सारखं पडत नाही, म्हणून ओलसर माती-वाळूत कालवून, एक सेंटीमीटरच्या आत. त्याहून खोल गेलं की कोंब वर येत नाही, हे मजुरांना दर तासाला सांगावं लागतं.

पहिलं पोतं परत गेलं. त्याच्या हिरव्या लेबलावर उगवणक्षमतेचा आकडा होता, चाचणीच्या तारखेची जागा कोरी.