एक थेंब, बास!

जुन्या मॉडेल ट्रेनचं इंजिन रुसलं की लोक आधी काय करतात, तर तेल सोडतात. सायकलची चेन असो नाहीतर दाराची बिजागरी, कुरकुरलं की तेल, ही आपली सवयच. आणि घोळ तिथंच होतो, कारण ते तेल सरकत सरकत मोटरच्या कम्युटेटरवर, म्हणजे तिच्याबरोबर फिरणाऱ्या तांब्याच्या कड्यावर येतं, त्यात ब्रशची, म्हणजे त्या कड्यावर घासत वीज आत पोचवणाऱ्या तुकड्यांची, कार्बनची पूड कालवली जाते आणि काजळासारखा लेप बसतो, मग मोटर जागच्या जागी नुसती हूं हूं करत राहते.

माझ्याकडचं इंजिन ट्रायअँग या इंग्लिश कंपनीचं, बोटीवर असणाऱ्या मामांनी इंग्लंडहून आणलेलं, ओओ गेजचं, म्हणजे रुळांमधलं अंतर 16.5 मिलिमीटर, चालतं 12 व्होल्ट डीसीवर. (मिरज जंक्शनात एकेकाळी ब्रॉड, मीटर, नॅरो तिन्ही गेजच्या गाड्या यायच्या, तेव्हा गेजचं वेड इकडच्या पाण्यातच असावं.) त्यातली एक्स-झिरो-फोर मोटर मला आवडते कारण ती उघडीच असते, काही लपवत नाही. ब्रश काढायचे, कम्युटेटरच्या तीन तुकड्यांमधल्या खाचा टूथपिकनं कोरायच्या, वरून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेला कापूस फिरवायचा. सँडपेपर नको, तांब्यावर चरे पडतात. ब्रशच्या स्प्रिंगच्या एका पायावर बारीक नळी असते, ती परत घालायचीच, नाहीतर थेट शॉर्ट. शेवटी बेअरिंगला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, तोही सुईच्या टोकानं.

एवढं करून चालत नसेल तर सगळे म्हणतात आर्मेचर, म्हणजे तारा गुंडाळलेला मधला फिरणारा भाग, बाहेर काढ. माझं मत, उगाच काढू नये. जुना अलनिको (ॲल्युमिनियम, निकेल, कोबाल्टच्या मिश्रधातूचा) मॅग्नेट आर्मेचर काढल्यावर तसाच उघडा ठेवला, मधे लोखंडाचा तुकडा नाही लावला, तर त्याची ताकद उतरते, मग मोटर करंट जास्त खाते, तापते आणि ओढत काहीच नाही.

वाइंडिंगचा, म्हणजे त्या तारांच्या गुंडाळीचा, संशय होता म्हणून सांगलीतल्या एका रिवायंडिंगवाल्यांकडं गेलो. त्यांच्याकडं विहिरीवरच्या पाच पाच एचपीच्या मोटरींचा ढीग, त्यात माझी ही अंगठ्याएवढी. हसले, पण मल्टिमीटर लावला, कम्युटेटरच्या तिन्ही तुकड्यांत दोन-दोन धरून रेझिस्टन्स बघितला, तिन्हीकडं सारखाच.

"चांगलंय की ओ वाइंडिंग, कशाला सोडवताय? किती डबं ओढतंय?"

"तीन."

"मग चौथा लावा, ऊस भरून."

पैसे काय घेतले नाहीत.