तुम्ही विचारलंत म्हणून: ओकादा बचावपटू होते, म्हणून त्यांचा संघ मागे बसायचा का?

जपानच्या फुटबॉलचा विषय निघाला की हा प्रश्न ठरलेला. जपानचे प्रशिक्षक ताकेशी ओकादा स्वतः खेळायचे तेव्हा फुरुकावा इलेक्ट्रिक या क्लबचे बचावपटू, जपानकडून 24 सामने खेळलेले. मग 2010च्या विश्वचषकात त्यांनी सगळा संघ आपल्या गोलसमोर उभा केला तो जुन्या सवयीनेच ना?

नाही. 2007च्या अखेरीस तेव्हाचे प्रशिक्षक इवित्सा ओसिम पक्षाघाताने आजारी पडले आणि संघ ओकादांकडे आला. त्यानंतर जवळपास अडीच वर्षं ते नेमका उलटा खेळ बसवत होते. चेंडू गेला की तिथल्या तिथे दोघातिघांनी घेरायचं, परत मिळवायचा आणि आखूड पासांनी पुढे सरकायचं. उद्दिष्टही त्यांनी जाहीर करून टाकलं होतं: उपांत्य फेरी. लोक हसले, आणि हसण्यासारखं होतंही. कारण या खेळात पुढच्यांचा घेराव एकदा फसला, की त्यांच्या पाठीमागे मोकळं मैदान उरतं. नाकाझावा आणि तुलिओ हे मधले दोन बचावपटू हवेतल्या चेंडूला भक्कम, पण पाठ फिरवून धावायची वेळ आली की कमी पडायचे. 2010च्या एप्रिलमध्ये सर्बियाकडून 0-3 आणि मे महिन्यात सायतामात दक्षिण कोरियाकडून 0-2 असा मार बसला. स्पर्धेला तीन आठवडे उरले होते.

तेव्हा ओकादांनी स्वतःचीच योजना मोडली. बदल मोजकेच होते. चार बचावपटूंच्या पुढे आबे युकी एकटा उभा केला. त्याचं काम एकच, बचावफळी आणि मधली फळी यांमधल्या पट्ट्यात येणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला अडवायचं. त्याच्या पुढे मधोमध हासेबे आणि एंदो, कडेला मात्सुई आणि ओकुबो. या दोघांनी चेंडू गेल्यावर थेट आपल्या बाजूच्या साइड-बॅकच्या, म्हणजे कडेच्या बचावपटूच्या, मदतीला उतरायचं. सर्वात पुढे होंडा केइसुके. तो मुळात आघाडीवीर नव्हेच, पण पाठीवर बचावपटू घेऊन चेंडू धरून ठेवू शकायचा, आणि मागून लांब मारलेल्या चेंडूला तेवढंच लागतं. गोलरक्षक नाराझाकीऐवजी कावाशिमा, कर्णधार नाकाझावाऐवजी हासेबे. आणि संघाचा चेहरा असलेला नाकामुरा शुन्सुके राखीव खेळाडूंत.

या बदलानंतरही सराव सामन्यांत इंग्लंड आणि आयव्हरी कोस्टकडून हारच झाली. पण 14 जूनला ब्लोमफाँटेनला कॅमेरून हरलं. 39व्या मिनिटाला मात्सुईने उजवीकडून चेंडू उचलून टाकला, लांबच्या खांबापाशी होंडा मोकळा सापडला, एका स्पर्शात चेंडू ताब्यात आणि पुढच्या स्पर्शात गोल. दुसऱ्या बाजूला साइड-बॅक नागातोमो कॅमेरूनचा आघाडीवीर एतोओला सामनाभर चिकटून होता.

बहुतेकांच्या नजरेतून सुटतं ते डेन्मार्कच्या सामन्यात घडलं. तिथे ओकादांनी आबेच्या शेजारी आणखी एक जण आणून दोघांची जोडी केली, पुढे थोडं जास्त बळ मिळावं म्हणून. सुरुवातीलाच डेन्मार्कचा तोमासोन त्या दोघांच्या आजूबाजूच्या फटी शोधून आत शिरू लागला. मैदानावरून एंदोने बाकाकडे विचारणा केली आणि काही मिनिटांत संघ पुन्हा एकट्या आबेच्या रचनेवर आला. पुढे होंडा आणि एंदोच्या दोन फ्री किक आत गेल्या, शेवटी ओकाझाकीचा गोल, 3-1. फ्री किकचं कौतुक सगळ्यांनी केलं. माझ्या मते सामना त्या पहिल्या काही मिनिटांत वाचला.

या पद्धतीची किंमतही मोजावी लागली. इतकं मागे उभं राहिलं की बॉक्सच्या (गोलसमोरच्या पेनल्टी क्षेत्राच्या) कडेला सुटलेला चेंडू प्रतिस्पर्ध्यालाच मिळतो. नेदरलँड्सच्या सामन्यात स्नायडरने तिथूनच फटका मारला आणि तो कावाशिमाच्या हाताला लागून आत गेला. गोल हवा असेल तेव्हा पुढे माणसं कमी पडतात ते वेगळंच. पॅराग्वेविरुद्ध 81व्या मिनिटाला आबेला काढून दुसऱ्या नाकामुराला, केंगोला, आणलं, तरी 120 मिनिटांत गोल नाही. शूटआउटमध्ये कोमानोचा फटका आडव्या खांबावर आदळला आणि 5-3ने संघ बाहेर पडला.

सवयीचाच शोध घ्यायचा तर ती दुसरीकडे सापडते: वेळ आली की मोठी नावंही बाजूला सारायची. ऑक्टोबर 1997मध्ये 1998च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीच्या मध्यावर प्रशिक्षक कामो शू यांना काढलं आणि सहायक ओकादांच्या गळ्यात संघ पडला. वय 41, मुख्य प्रशिक्षकपदाचा अनुभव शून्य. जोहोर बारूला इराणविरुद्ध 1-2ने मागे असताना 63व्या मिनिटाला त्यांनी मियुरा काझुयोशी आणि नाकायामा हे दोन्ही आघाडीवीर एकदमच बाहेर काढले. आत आलेल्या जो शोजीने बरोबरी साधली. जादा वेळेत ओकानो आला. त्याने आधी सोप्या संधी घालवल्या, पण 118व्या मिनिटाला नाकाताचा फटका गोलरक्षकाने परतवला तेव्हा समोर तोच होता. 3-2ने जिंकून जपान पहिल्यांदाच विश्वचषकात. आणि जून 1998मध्ये स्वित्झर्लंडमधल्या शिबिरात अंतिम 22 निवडताना मियुराचंच नाव वगळलं. त्याचा राग जपानमध्ये वर्षानुवर्षं धुमसत राहिला. फ्रान्समध्ये तिन्ही सामने हरल्यावर तर बोलायलाच नको.

क्लबकडे बघितलं तर ‘मागे बसणारा’ हा शिक्का आणखी फिका पडतो. साप्पोरो या क्लबला त्यांनी 2000मध्ये जपानी लीगच्या दुसऱ्या श्रेणीचं विजेतेपद मिळवून वर आणलं. त्यांच्या योकोहामा एफ. मारिनोसने 2003मध्ये मोसमाचे दोन्ही टप्पे जिंकले, त्यामुळे दोन टप्प्यांच्या विजेत्यांमधला निर्णायक सामना खेळवायचीच गरज उरली नाही. 2004मध्ये तो खेळवावा लागला, तेव्हा उरावा क्लबला पेनल्टींवर हरवलं.

2014मध्ये ओकादांनी एहिमे प्रांतातल्या एफसी इमाबारीची मालकी घेतली. क्लब तेव्हा शिकोकूच्या प्रादेशिक लीगमध्ये होता; 2025च्या मोसमात तो जे-2मध्ये, म्हणजे दुसऱ्या श्रेणीत, पोहोचला. तिथे त्यांनी बसवलेल्या पद्धतीचा गाभा असा: खेळाची तत्त्वं वयाच्या सोळाव्या वर्षापर्यंत मुलांना पक्की शिकवायची आणि त्यानंतर त्यांना मोकळं सोडायचं, म्हणजे मैदानावर काय बदलायचं ते एंदोसारखं त्यांचं त्यांनाच उमगेल.