जांभ्याच्या भिंतीला घाई चालत नाही

आमच्या अमळनेरकडे रंगकामाचा वैरी म्हणजे ऊन. मे महिन्यात पारा ४४-४५ ला गेला की चुन्याचा हात लावता लावता सुकतो आणि नंतर अंगाला पांढरा लागतो. म्हणून आम्ही भिंतीवर आधी पाणी मारतो. दापोलीला मावशीचं घर रंगवायला गेलो, तिथे सगळंच उलट.

जुनी जांभ्या दगडाची भिंत, चुन्याचा गिलावा, त्यावर कुणीतरी चढवलेला ऑइलपेंट. जमिनीतली ओल भिंतीत चढते, पण तिला बाहेर पडायला वाटच नाही. मग रंग फुगतो, पोपडे सुटतात, आतले क्षार पांढरे फुलून येतात.

"अरे, पुट्टी भरून झाकून टाक ना," मावशी म्हणाली. मी साफ नाही म्हटलं. ओल्या भिंतीवर पुट्टी म्हणजे मुकादमाची सोय, घराची नव्हे.

काम जानेवारीतच घेतलं होतं, कारण पावसाळ्यानंतर भिंत काही महिने सुकू द्यावी लागते. आधी फुटकी पन्हळ बदलली. ऑइलपेंट खरवडण्यात सगळ्यात जास्त वेळ गेला. क्षार कोरड्या ब्रशनेच झाडले. धुतले तर विरघळून परत आत शिरतात. मग चुनकळी, म्हणजे भाजलेल्या चुन्याचे खडे, पाण्यात विरवली, गाळली आणि पातळ पातळ हात दिले. ताज्या चुन्यावर बुरशीही सहसा धरत नाही.

मावशीला पिस्ता रंग हवा होता. पिवडी, म्हणजे पिवळी माती, घालून फिक्या पिवळ्यावर तडजोड झाली.