डिझेलच्या पाणबुडीला नावं ठेवू नका

पाणबुडीचा विषय निघाला की ग्रुपवर कोणीतरी काका हमखास लिहितातच, आपल्याकडे आता अणुपाणबुड्या आल्यात ना, मग माझगाव डॉकमध्ये अजून डिझेलवाल्या कशाला बांधत बसलेत. मला मग राहवत नाही. एक तर डिझेलची पाणबुडी पाण्याखाली डिझेलवर चालतच नाही हो.

इंजिनला हवा लागते, खाली ती आणणार कुठून? म्हणून डिझेल इंजिनं नुसता जनरेटर फिरवतात, त्यावर बॅटऱ्या चार्ज होतात आणि मागचा पंखा फिरवते ती इलेक्ट्रिक मोटर. आपली कलवरी घ्या, माझगाव डॉकला बांधली, डिसेंबर २०१७ला नौदलात आली. तिच्यात ३६० बॅटरी सेल आहेत आणि एकेक सेल ७५० किलोचा, म्हणजे गुणाकार करा, २७० टन नुसती बॅटरी! आणि एवढं असूनही कॅप्टनचा जीव बॅटरीच्या टक्क्यांत अडकलेला, कारण पाण्यात वेग दुप्पट करायचा तर पॉवर साधारण आठपट लागते. तीन-चार नॉटने (एक नॉट म्हणजे ताशी साधारण १.८५ किलोमीटर) रांगत राहिलं तर काही दिवस निघतात, पण वीसच्या आसपास पळायला लागलं की तासा-दोन तासांत सगळं खलास. लोडशेडिंगमध्ये इन्व्हर्टरवर पंखा रात्रभर चालतो पण कोणी गीझर लावला की बोंब, तसंच.

मग चार्जिंगसाठी वर यावं लागतं. पूर्ण नाही, पेरिस्कोपइतकंच, आणि हवेची नळी पाण्याबाहेर काढून डिझेल सुरू करायचं, नौदलवाले याला स्नॉर्टिंग म्हणतात. आता समुद्र खवळलेला असेल तर लाट नळीवरून जाते, पाणी आत येऊ नये म्हणून तोंडावरचा व्हॉल्व्ह फटकन बंद होतो, पण इंजिनला त्याचं काय, ते धडधडतच असतं आणि मग पाणबुडीच्या आतलीच हवा ओढायला लागतं. आतला दाब उतरतो, सगळ्यांचे कान दडे बसल्यासारखे, लाट गेली की व्हॉल्व्ह उघडतो आणि परत कान फट्ट. दाब फारच उतरला तर इंजिन बंद पडतं. झोपलेल्या माणसाचं काय होत असेल विचार करा. शिवाय ही नळी रडारवर दिसू शकते, इंजिनाचा आवाज लांब जातो, आणि चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन सुटतो तो वेगळाच ताप. २०१०मध्ये विशाखापट्टणमला आपल्याच सिंधुरक्षक पाणबुडीच्या बॅटरीच्या भागात स्फोट होऊन एक नौसैनिक गेला, तेव्हा गळका हायड्रोजनच कारण म्हणून सांगितला गेला.

अणुपाणबुडीत ही भानगड नाही, कारण युरेनियमचा अणू फुटायला ऑक्सिजन लागतच नाही. रिअ‍ॅक्टर पाणी तापवतो, ते प्रचंड दाबाखाली असल्यामुळे उकळत नाही, ते आपली उष्णता दुसऱ्या सर्किटमधल्या पाण्याला देतं, त्याची वाफ होते, वाफेवर टर्बाइन. आपल्या अरिहंत या अणुपाणबुडीचा रिअ‍ॅक्टर ८३ मेगावॅटचा, आपल्या ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने केलेला, ऑगस्ट २०१३मध्ये सुरू झाला. वीज इतकी की समुद्राच्या पाण्यातूनच ऑक्सिजन काढायचा, प्यायचं पाणीही त्यातूनच. संपतं ते फक्त किराणा सामान. अमेरिकेची नॉटिलस १९५५ला अशी पहिल्यांदा निघाली आणि १९५८ला बर्फाखालून थेट उत्तर ध्रुवावर पोचली, डिझेलवालीच्या हे बापजन्मात जमलं नसतं.

पण (काकांसाठी हा पण) रिअ‍ॅक्टर असा बटण दाबून गप्प करता येत नाही. बंद केला तरी आतली उष्णता काढत राहावी लागते, बहुतेक वेळा पंप चालू, टर्बाइन, गिअर, सगळ्याची काही ना काही घरघर असतेच आणि ती लपवायला मग केवढा खटाटोप. बॅटरीवरची बोट मोटर थांबवून तळाशी बसली तर ऐकू यायला जवळपास काही उरतच नाही. स्वीडनची छोटीशी गॉटलंड अमेरिकेने २००५मध्ये चक्क भाड्याने नेली, सॅन दिएगोला, का तर असली शांत पाणबुडी शोधायचा सराव करायला. मुंबईसमोरचा समुद्रही कितीतरी लांबपर्यंत उथळच आहे, तिथे दबा धरून बसायला कलवरीच बरी, अरिहंतचं कामच वेगळं, खोल समुद्रात क्षेपणास्त्रं घेऊन गायब व्हायचं.

गॉटलंडकडे बॅटरीबरोबर एआयपी होतं, म्हणजे बाहेरच्या हवेशिवाय वीज करणारी यंत्रणा, सोबत नेलेल्या ऑक्सिजनवर चालते आणि वर यायची गरज दिवसांवरून आठवड्यांवर जाते. आपलं एआयपी अंबरनाथच्या एनएमआरएल या डीआरडीओच्या प्रयोगशाळेत तयार झालंय, फ्युएल सेलवालं, म्हणजे हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून थेट वीज करणारं, आणि हायड्रोजन टाक्यांत भरून न्यायच्या ऐवजी बोटीवरच तयार करतं. लोकलने रोज अंबरनाथवरून जाणाऱ्या किती जणांना हे माहितीये देव जाणे. ते बसवायचं म्हणजे चालती पाणबुडी मधोमध कापायची आणि नवा तुकडा घालून परत जोडायची, तो तुकडा बांधायचं सुमारे १,९९० कोटींचं कंत्राट डिसेंबर २०२४ला माझगाव डॉकला मिळालं. तिकडे जपानने २०२०मध्ये आलेल्या ओर्यू पाणबुडीवर एआयपी काढूनच टाकलं आणि लिथियम-आयन बॅटऱ्या भरल्या. मला विचाराल तर पुढे जाऊन हेच सगळीकडे होणार, फक्त बंद डब्यात शंभर मीटर खाली लिथियम पेटला तर काय, याचं उत्तर आधी नीट हवं.