हर्बेरियमच्या कपाटातला तबला

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार शब्द लिहून पाठवा, असं समितीचं पत्र आलं. पत्रात विषयही सुचवले होते : कॉलेजचे सुरुवातीचे दिवस, एन.एस.एस.ची शिबिरं, खेळ, गॅदरिंग. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत आणि ते माझ्यापेक्षा चांगलं लिहितील. मला लिहायचंय ते सरांविषयी आणि त्यांच्या संगीत मंडळाविषयी. सरांचं नाव इथे मुद्दाम देत नाही. त्या काळात जे कोणी आपल्या कॉलेजात शिकले, त्यांना नुसतं 'सर' म्हटलं की वनस्पतीशास्त्राचे सरच आठवतात.

मी १९८३ साली अकरावीला आलो. आमच्या वाडीत गाणं म्हणजे गणपतीतल्या आरत्या, देवळातलं भजन आणि शिमग्यातलं नमन. शास्त्रीय गायन रेडिओवर लागलं की घरात कोणीतरी उठून स्टेशन बदलायचं. अशा मुलाला सरांनी शनिवारी दुपारी प्रॅक्टिकल झाल्यावर थांबवून घेतलं. सूक्ष्मदर्शक बाजूला सारून टेबलावर रेकॉर्ड प्लेअर मांडलेला असे, आणि आम्ही सात-आठ जण स्टुलांवर. सर सांगत, "राग ओळखायची घाई करू नका. आधी सम कुठे येते ते बघा." सम म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा. ती पकडायला आम्ही बोटांवर मात्रा मोजायचो. तीनतालाच्या सोळा, झपतालाच्या दहा जमायच्या. रूपकापाशी सगळे अडखळायचे, कारण तिथे सम 'खाली'वरच, म्हणजे टाळीऐवजी हात मोकळा सोडायच्या मात्रेवरच, येते. सर कुणाला रागावले नाहीत. सुई उचलून तोच तुकडा पुन्हा लावायचे. विलंबित एकताल बारा मात्रांचाच, पण लय इतकी संथ की दोन मात्रांच्या मधे मन कुठेतरी भरकटून यायचं. ते भरकटणं थांबलं तेव्हा आपण ऐकायला लागलो, हे मला कळलं.

शास्त्रीय गायिका केसरबाईंची रेकॉर्ड लावली की सर आधी दोन मिनिटं बोलत. १९७७ साली व्हॉयेजर यानातून पृथ्वीवरचे आवाज अंतराळात पाठवले, त्यात केसरबाई केरकरांची भैरवी आहे, हे मी पहिल्यांदा त्यांच्या तोंडून ऐकलं. "फोंड्याजवळच्या केरी गावातली बाई," असं म्हणताना त्यांचा आवाज बदलायचा. केसरबाईंचं केरी, गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं कुर्डी, गायक जितेंद्र अभिषेकीबुवांचं मंगेशी, ही सगळी गोव्यातली गावं आपल्यापासून एसटीच्या एका दिवसाच्या अंतरावर आहेत, हे ते नकाशावर बोट ठेवून दाखवायचे. पुढे मी नोकरीत असताना कुर्डी पाहायला गेलो. साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलेलं ते गाव उन्हाळ्यात पाणी उतरलं की उघडं पडतं. त्या रखरखीत मातीत उभा असताना मला सरांचा नकाशा आठवला.

मंडळाच्या मोठ्या मैफली वर्षाला दोन, एक श्रावणात आणि एक थंडीत. तेव्हा कोकण रेल्वे नव्हती. कलाकार मुंबईहून रात्रभर एसटीने यायचे, तानपुरा मांडीवर आडवा धरून. एका रात्रीच्या गाण्यासाठी एवढा प्रवास केल्यावर कोणी लगेच परत जात नसे. ते दोन दिवस सरांकडेच उतरत.

श्रावणातल्या एका मैफलीची गोष्ट सांगायलाच हवी. त्या दिवशी पाऊस असा धरला होता की सभागृहाच्या पत्र्यावरच्या आवाजात शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. सरांनी दुपारीच बैठक वाचनालयाच्या कौलारू खोलीत हलवली आणि आम्ही बाकं उचलून सतरंज्या घातल्या. साडेचारच्या सुमाराला तबलजींनी तबला काढला तर तो बसका वाजू लागला. आदल्या रात्री एसटीच्या टपावर ताडपत्रीखाली भिजला होता. त्या दिवशी गाणाऱ्या बुवांची पट्टी, म्हणजे गायचा मूळ सूर, काळी एक; तबला त्याच सुराला लावायचा. तबलजी तबल्याचे लाकडी गठ्ठे ठोकून ठोकून थकले, पण कातड्याची पुडी ओल धरून बसलेली, सूर चढेना. पुडीच्या कडेला, चाटेवर बोट मारलं की नुसता थप असा आवाज. दुसरा तबला मागवायचा तर कुठून?

सरांनी तबला उचलला आणि मला म्हणाले, "मामांकडून लॅबची किल्ली आण."

आपल्या लॅबमध्ये मागच्या भिंतीला एक लाकडी कपाट होतं. त्यात खालच्या खणात बल्ब आणि वर जाळीचे खण. पावसाळ्यात टीपकागदात दाबलेली झाडपाल्याची नमुने-पानं हर्बेरियमसाठी, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहासाठी, सुकवायला सरांनी ते सुताराकडून करून घेतलं होतं. कोकणातल्या आषाढ-श्रावणात नुसत्या हवेवर काहीच सुकत नाही, चार दिवसांत बुरशी धरते. सरांनी सगळ्यात वरचा खण मोकळा केला, नेच्यांचे नमुने माझ्या हातात दिले आणि तबला पुडी वर करून आत ठेवला. तबलजी घाबरले. "सर, पुडी तडकेल हो." सर म्हणाले, "म्हणूनच वरच्या खणात. पान करपत नाही तिथे, पुडी काय करपेल." आणि घड्याळ काढून कपाटासमोर स्टूल घेऊन बसले. दर काही मिनिटांनी दार उघडायचे, पुडीवरच्या काळ्या शाईला धक्का न लावता तळहाताच्या मागच्या बाजूने कातडं चाचपायचे, तबला थोडा फिरवायचे, दार लावायचे. तेवढा वेळ ते एक शब्द बोलले नाहीत. बाहेर काढल्यावर तबलजींनी हातोडीने गठ्ठे सारखे केले आणि चाटेवर बोट मारलं. लॅबभर टणत्कार घुमला. तबल्याला सुकलेल्या पाल्याचा वास येत होता.

मग सरांनी मला बुवांकडे पाठवलं. "विचार, मध्यंतरानंतर काय गाणार? त्या रागात पंचम हा सूर वर्ज्य असेल तर तानपुरा मध्यमाला लावावा लागेल." बुवांनी माझ्याकडे वर-खाली पाहिलं आणि म्हणाले, "मालकंस. पण हे तुला कोणी विचारायला सांगितलं?" मी सरांचं नाव सांगितलं. "मग इथे नीट गायला हवं," ते म्हणाले. आधी त्यांनी पावसाळ्यातला मियाँ मल्हार गायला, बाहेर पावसाची साथ होतीच. मध्यंतरात चहाचे पेले फिरत असताना मी तानपुऱ्याची पहिली तार पंचमावरून मध्यमावर आणली. सरांनी शेजारी बसून कान लावला आणि मान हलवली. माझ्या आयुष्यातल्या कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा ती मान मला मोठी वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुवा सरांच्या ओटीवर रियाजाला बसले आणि आम्हाला आत येऊ दिलं. समोर काकूंनी मऊ भात आणि मेतकूट आणून ठेवलं. तोडी रागातले गंधार-धैवत किती खाली लावायचे, हे बुवा आम्हाला गाऊन दाखवत होते. रेल्वे आली, फार चांगलं झालं. पण आता कलाकार दुपारी उतरतो, रात्री गातो आणि मिळेल त्या गाडीने परत जातो. ती सकाळ मात्र आताच्या मुलांना मिळत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मुंबई विद्यापीठाच्या युवा महोत्सवातही सरांची शिकवण कामाला आली. स्पर्धेत दहा मिनिटांत राग मांडायचा असतो, त्यामुळे बहुतेक जण चटकन तानांवर येतात. आमच्या मंडळातल्या मुलीला सरांनी आलापच जास्त करायला लावला. तिला बक्षीस मिळालं नाही. परीक्षकांपैकी एकांनी नंतर तिला बोलावून, कोणाकडे शिकतेस, असं विचारलं. सर परतीच्या एसटीत रात्रभर त्या आनंदात होते.

मी बँकेत नोकरी केली, रायगडपासून विदर्भापर्यंत बदल्या झाल्या. निवृत्तीनंतर डोंबिवलीत आम्ही काही मंडळी दर महिन्याला सोसायटीच्या हॉलमध्ये घरगुती बैठक करतो, तरुण गाणाऱ्यांना बोलावतो आणि मानधन पाकिटात घालून आधीच देतो. हेही सरांकडून घेतलेलं. माझी मुलगी गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारद झाली. पुण्याला सवाई गंधर्व महोत्सवात डिसेंबरमध्ये आम्ही दोघं जातो, आणि समेवर तिची बोटं आपोआप मांडीवर पडताना मी पाहतो.

गेल्या वर्षी कॉलेजात येऊन गेलो. वाचनालयाची कौलारू खोली पाडून तिथे स्लॅबचा हॉल झालाय. हॉल प्रशस्त आहे, पण आवाज भिंतींवर आपटून परत येतो, आणि तिथे स्पीकरशिवाय कोणी गाऊ शकणार नाही. गॅदरिंगला मुलांनी गायलं ते ट्रॅकवर. गळे चांगले होते. तानपुरा मात्र मोबाइलमधला. तो सुरात असतो हे खरं, पण तो लावावा लागत नाही, आणि लावता लावताच तर आमचे कान तयार झाले. मी त्या मुलांना दोष देत नाही. त्यांना कपाटासमोर घेऊन बसणारं कोणी भेटलं नाही.

सर गेले. काकू आता मुलाकडे असतात. मंडळाची तानपुऱ्यांची जोडी अजून स्टाफरूमच्या माळ्यावर आहे, मी शिडी लावून पाहून आलो. एकाच्या भोपळ्याला चीर गेलीय, दोन्हींच्या तारांखालच्या घोड्या झिजल्यात, खुंट्या सैल आहेत. तरी दुरुस्त होण्यासारखी आहेत. आमच्या बॅचने ठरवलंय की मिरजेला नेऊन तिथल्या कारागिरांकडून ही जोडी नीट करून घ्यायची. खर्च सगळा आमचा. समितीने फक्त परवानगीचं पत्र द्यावं आणि नव्या हॉलशेजारी कोरडी, कुलपाची एक खोली द्यावी. पावसाळ्यात वाद्यं हलवायला नकोत. दिवाळी झाली की मी स्वतः गाडी घेऊन येतो.