आमची वाटचाल : उसाच्या ट्रकपासून विमानाच्या शेपटीपर्यंत

"मॅडम, तुम्ही उसाच्या ट्रकला जे यंत्र बसवता, तेच आमच्या विमानांना बसवता येईल का?"

शेजारच्या जिल्ह्यातल्या एका फ्लाइंग स्कूलच्या मुख्य अभियंत्यांनी फोनवर हे विचारलं, तेव्हा मी लगेच "हो, येईल की" म्हणून मोकळी झाले. ते उत्तर चुकीचं होतं. ते किती चुकलं हे पुरतं कळायला मला जवळजवळ वर्ष लागलं, आणि त्या वर्षात आमच्या छोट्या फर्मचं काम कायमचं बदललं.

आधी थोडं मागचं सांगते. आमचे अप्पा ऊस वाहतुकीचा ट्रक चालवायचे. मी पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकत होते, त्या वर्षीच्या गळीत हंगामात एका रात्री बालाघाटच्या डोंगराळ रस्त्यावर त्यांचा ट्रक खाली घसरला. रस्त्यावरून काही दिसत नव्हतं. कारखान्यावर वाटलं, गाडी दुसऱ्या रांगेत असेल. घरी वाटलं, कारखान्यावर अडकले असतील. पहाटे एका मेंढपाळाला ते सापडले. अप्पा वाचले, पण उजवा पाय गुडघ्यातून गेला. डॉक्टर म्हणाले, तीन-चार तास आधी आणलं असतं तर पाय राहिला असता. ते वाक्य आमच्या घरात आजही कुणी उच्चारत नाही.

अकरा वर्षांपूर्वी मी आणि धाकट्या भावाने अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एक गाळा भाड्याने घेतला आणि गाड्यांना जीपीएस बसवायला सुरुवात केली. आधी ऊसवाहतूकदार, मग दुधाचे टँकर, मग शाळांच्या बस. पुढे सार्वजनिक वाहतुकीच्या नव्या गाड्यांना एआयएस १४० या सरकारी मानकाप्रमाणे प्रमाणित ठिकाणदर्शक यंत्र आणि पॅनिक बटण सक्तीचं झालं, तेव्हा काम वाढलं. आज आम्ही नऊ जण आहोत. त्या वाढीबद्दल सांगण्यासारखं फार नाही. मेहनत होती, उधारी होती, हंगाम संपल्यावर रिकामे महिने होते. सगळ्याच छोट्या धंद्यांत असतं ते.

विमानांचं आकर्षण मात्र आमच्या गाळ्याच्या गच्चीवर सुरू झालं. २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचा कृत्रिम पावसाचा प्रयोग सोलापूरहून चालला होता. होटगी रोडच्या विमानतळावरून छोटी विमानं ढगांकडे झेपावायची. भाऊ चहाचा कप घेऊन गच्चीवर जायचा आणि ती परत येईपर्यंत वाट बघायचा. "ताई, ही ढगात शिरल्यावर कुठं आहेत हे खाली कोणाला दिसतं गं?" असं तो विचारायचा. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

फ्लाइंग स्कूलच्या फोननंतर आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. त्यांच्याकडे चार शिकाऊ विमानं होती. जुन्या ईएलटीच्या बॅटऱ्या संपत आल्या होत्या आणि उत्पादकाने ते मॉडेल बंद केलं होतं. ईएलटी म्हणजे विमान आदळलं की आपोआप चालू होणारा आपत्कालीन ट्रान्समीटर. शाळेला तो बदलायचाच होता, आणि त्याच खर्चात विमान क्षणाक्षणाला कुठे आहे हेही कळावं अशी मालकांची इच्छा होती. एकच यंत्र, दोन्ही कामं. ऐकायला सोपं वाटतं.

ट्रकमधलं यंत्र विमानाला का चालत नाही, हे पहिल्या आठवड्यातच कळलं. ते मोबाइलच्या टॉवरवर अवलंबून असतं आणि टॉवरचे अँटेना जमिनीकडे झुकवलेले असतात. हजार मीटर उंचीवर एकाच वेळी कितीतरी टॉवर धूसर दिसतात आणि जोडणी टिकत नाही. आम्हाला ट्रकच्या कामातून आणखी एक गोष्ट माहीत होती. स्क्रीनवर जे दिसतं ते "गाडी आहे" ते ठिकाण नसतं, "गाडी शेवटी होती" ते ठिकाण असतं. ट्रकच्या बाबतीत हा फरक खपून जातो, कारण ट्रक रस्ता सोडून फार लांब जात नाही. विमानाला रस्ताच नसतो.

भावाने हिशेब मांडला. शिकाऊ विमान ताशी १६५ किलोमीटर वेगाने चाललंय आणि यंत्र दर पाच मिनिटांनी ठिकाण पाठवतं, असं धरा. शेवटच्या ठिपक्यानंतर ते साडेतेरा-चौदा किलोमीटर कुठल्याही दिशेला गेलेलं असू शकतं. शोधायचं क्षेत्र होतं सुमारे ५९० चौरस किलोमीटर, म्हणजे सोलापूर महापालिकेच्या हद्दीच्या तिपटीहून जास्त. हाच ठिपका दर मिनिटाला आला तर क्षेत्र २४ चौरस किलोमीटरवर येतं. शाळेच्या मालकांना आम्ही नुसता हा हिशेब दाखवला. खोलीत कुणी बोलेना. "मग एका मिनिटाचंच घ्या," ते शेवटी म्हणाले.

एका मिनिटाचं यंत्र म्हणजे उपग्रहाचं. परदेशात छोट्या विमानांचे मालक इरिडियम किंवा ग्लोबलस्टारच्या उपग्रहांवर चालणारी, हातात मावणारी यंत्रं सर्रास वापरतात. आम्हीही त्यातलंच एक मागवणार होतो. ऑर्डर देण्याआधी मी एका जाणकार वकिलांना विचारलं, हे आमचं नशीब. आपल्याकडे दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय असं यंत्र बाळगणंसुद्धा गुन्हा ठरू शकतो, आणि खिशात ट्रेकिंगचं सॅटेलाइट यंत्र सापडल्यामुळे परदेशी पर्यटकांना आपल्या विमानतळांवर अडवलेलं आहे. परदेशातली परीक्षणं वाचून छोट्या विमानासाठी यंत्र निवडणाऱ्या प्रत्येकाला मी हे पहिल्यांदा सांगते. सर्वांत चांगलं यंत्र कोणतं, हा प्रश्न नंतरचा. आधी विचारा, भारतात ते चालवायला रीतसर परवाना आहे का.

म्हणून आम्ही दोन्ही कामांचे मार्ग वेगळे केले. रोजच्या मागावर राहण्यासाठी दोन नव्या विमानांना एडीएस-बी देणारा ट्रान्सपॉन्डर, म्हणजे विमानाचं ठिकाण रेडिओवर आपोआप कळवणारं यंत्र होतं. तो १०९० मेगाहर्ट्झवर दर सेकंदाला साधारण दोनदा ठिकाण सांगत राहतो. खालून थेट नजर असेपर्यंतच तो ऐकू येतो. डोंगराआड गेला की नाही. जुन्या दोन विमानांचा माग ठेवायला आम्ही कुठलंच यंत्र सुचवलं नाही. आम्ही एक वही सुचवली. उड्डाण किती वाजता, परत यायची वेळ किती, कुठल्या बाजूला, आणि वेळ टळून अर्धा तास झाला तर फोन कोणी, कोणाला करायचा. आंतरराष्ट्रीय नियमांतही अपेक्षित वेळेनंतर तीस मिनिटांत विमान आलं नाही की अनिश्चिततेचा टप्पा सुरू होतो, त्यानंतर सावधानतेचा आणि मग संकटाचा. आमच्या अप्पांच्या रात्री हा अर्ध्या तासाचा नियम कुणाकडेच नव्हता. मालकांना वाटलं मी यंत्र विकायचं सोडून वही विकतेय. मी ठाम राहिले.

आता ईएलटी. सगळ्यात जास्त वेळ याच्यावर गेला आणि सगळ्यात जास्त शिकायलाही याच्यातच मिळालं.

जुने ईएलटी १२१.५ मेगाहर्ट्झवर नुसता आवाज काढायचे, वरून खाली घसरत जाणारा. हे विमान कोणाचं, हे त्यात नसायचं. त्यामुळे खोटे इशारे इतके येऊ लागले की १ फेब्रुवारी २००९ पासून उपग्रहांनी ती वारंवारिता ऐकणंच बंद केलं. आता उपग्रह ऐकतात ते ४०६ मेगाहर्ट्झवर. साधारण पाच वॅटचा, अर्ध्या सेकंदाचा डिजिटल संदेश दर पन्नासेक सेकंदांनी जातो. त्यात पंधरा अक्षरांचा संकेतांक असतो आणि जीपीएस जोडलेला असेल तर ठिकाणही. १२१.५ अजून यंत्रात असतं, पण ते जवळ आलेल्या शोधपथकाला वास काढत यायला उपयोगी पडतं.

जीपीएस नसेल तरी उपग्रह ठिकाण काढतात. हे आमच्या फिटर मुलांना मी सोलापूर स्टेशनावरच समजावलं. गाडी न थांबता शिट्टी वाजवत गेली की जवळ येताना आवाज चढा असतो आणि दूर जाताना उतरतो. तो कधी उतरला हे नीट टिपलं तर गाडी आपल्यासमोरून कधी गेली हे डोळे मिटून सांगता येतं. इथे शिट्टी जमिनीवर आणि ऐकणारा उपग्रह आकाशात धावणारा, एवढाच फरक. याच युक्तीने ४०६ चं ठिकाण पाचेक किलोमीटरच्या आत येतं. जीपीएस असेल तर शंभरेक मीटरच्या आत. पाच किलोमीटर आणि शंभर मीटर यांतला फरक मला बालाघाटच्या त्या रस्त्यावरून कळतो. म्हणून जीपीएस नसलेला स्वस्त ईएलटी आम्ही यादीतून पहिल्याच दिवशी काढला.

या व्यवस्थेचं नाव कोस्पास-सारसॅट. शीतयुद्धाच्या ऐन काळात सोव्हिएत संघ, अमेरिका, कॅनडा आणि फ्रान्स यांनी मिळून ती उभी केली. सप्टेंबर १९८२ मध्ये कॅनडातल्या एका छोट्या विमानाच्या अपघातातून तिघं वाचले, आणि तो इशारा टिपणारा उपग्रह सोव्हिएत होता. भारतात हे संदेश इस्रोच्या बेंगळुरू आणि लखनौ इथल्या केंद्रांवर उतरतात. हे वाचल्यावर मी ते अप्पांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते म्हणाले, "भांडणाऱ्यांनी पण एवढं केलं की."

पण यंत्र चांगलं असणं पुरत नाही. २००७ मध्ये अमेरिकन साहसवीर स्टीव्ह फॉसेट नेवाडातून उड्डाण केल्यावर छोट्या विमानासह नाहीसे झाले. विमानात ईएलटी होता, तरी त्याचा संदेश कुणालाच मिळाला नाही. अवशेष सापडायला वर्षाहून अधिक काळ गेला. आपल्या देशातही, २०११ च्या ३० एप्रिलला अरुणाचलचे मुख्यमंत्री दोरजी खांडू यांचं हेलिकॉप्टर बेपत्ता झालं, ते ४ मे रोजी सापडलं. आघातात ईएलटीचा अँटेना मोडतो, किंवा यंत्राला त्याच्याशी जोडणारी केबल तुटते, किंवा आग लागते, किंवा यंत्र पाण्याखाली जातं. मग आत सगळं ठीक असूनही बाहेर काही पोहोचत नाही.

म्हणून आम्ही निवड करताना यंत्राच्या माहितीपत्रकापेक्षा बसवणीकडे जास्त पाहिलं. यंत्र शेपटीकडे बसवायचं, कारण अपघातात तो भाग जास्त वाचतो. त्याच्यावरचा बाण उड्डाणाच्या दिशेला हवा, कारण आघात ओळखणारा स्विच समोरून येणारा धक्का मोजतो. अँटेनाची केबल आखूड हवी, आणि यंत्र व अँटेना शक्यतो विमानाच्या एकाच भागात, म्हणजे तुकडे झाले तरी दोघं बरोबर राहतील. एक गोष्ट इथे स्पष्ट सांगते. आमच्या फर्मला विमानाला स्क्रू लावायचासुद्धा अधिकार नाही. तो डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाने, मान्यता दिलेल्या संस्थेचा आणि परवानाधारक अभियंत्याचा. आम्ही निवडतो, टेबलावर तपासतो, कागद तयार करतो, मुलांना शिकवतो.

एक युनिट आम्ही मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून स्वस्त मिळालं म्हणून घेतलं होतं. बीकन टेस्टरवर, म्हणजे ईएलटीचा संदेश वाचून तपासणाऱ्या यंत्रावर, लावलं तर त्याचा देश-संकेतांक भारताचा, म्हणजे ४१९, नव्हताच. कुठल्यातरी परदेशी विमानातून काढलेलं होतं ते. ते तसंच बसलं असतं, तर बार्शीच्या माळावर पडलेल्या विमानाची चौकशी तिसऱ्याच देशात सुरू झाली असती. व्यापाऱ्याने पैसे परत दिले नाहीत. ते युनिट मी फेकलं नाही, नव्या मुलांना दाखवायला ठेवलंय.

आणि आमची स्वतःची चूक. पहिल्या विमानात ईएलटी बसल्यावर कॉकपिटमधल्या स्विचची तपासणी चालू होती. चाचणीचं बटण क्षणभर दाबायचं असतं. आमच्या एका फिटर मुलाने स्विच सरळ "ऑन"वर नेला आणि तेवढ्यात बाहेरच्या कुणीतरी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देत बसला. विमान उघड्यावर उभं होतं. दीड-दोन मिनिटं गेली. थोड्या वेळाने शाळेच्या नोंदवलेल्या नंबरवर फोन आला : तुमचं विमान कुठे आहे, सगळे सुखरूप आहेत का? मी तिथेच उभी होते. माफी मागताना माझा आवाज कापत होता, कारण आमच्यामुळे कुठल्यातरी खोलीत माणसं उठून उभी राहिली होती. आणि त्याच वेळी डोळे भरून आले. अप्पांच्या ट्रकने कुणालाच असा फोन लावला नव्हता.

त्या दिवसापासून आमचा फिटर चाचणीच्या वेळी फोन बाहेर ठेवतो आणि एक जण फक्त घड्याळ बघतो. नोंदणीचे फॉर्म मी स्वतः भरते. संपर्काचे नंबर दर सहा महिन्यांनी मी स्वतः फिरवून पाहते, कारण माणसं सिमकार्ड बदलतात आणि यंत्राला ते कळत नाही.

आता चारही विमानांत नवे ईएलटी आहेत. त्यानंतर आणखी दोन मालकांनी विचारलं. सोलापुरातही हवा बदलली आहे. २०२३ च्या जूनमध्ये होटगी रोडच्या विमानतळाच्या वाटेत येणारी साखर कारखान्याची चिमणी पाडली, त्यावरून गावात दोन तट पडले होते. ज्यांचं पोट त्या कारखान्यावर होतं त्यांचं दुःख मला आजही कळतं, आमचे पहिले ग्राहक तेच होते. जून २०२५ मध्ये गोव्याचं विमान सुरू झालं. भाऊ अजूनही कप घेऊन गच्चीवर जातो.

गाळ्याच्या भिंतीवर खडूने लिहिलेला एक तक्ता आहे : विमान, पंधरा अक्षरी संकेतांक, बॅटरीची मुदत. तिसऱ्या विमानाची बॅटरी पुढच्या महिन्यात बदलायची आहे. लिथियमची असल्याने ती धोकादायक मालात मोडते आणि हवाई कुरिअरवाले नको म्हणतात, म्हणून रस्त्याने मागवली आहे. पार्सल पुण्यापर्यंत पोहोचलंय. गुरुवारी भाऊ गाडी घेऊन आणायला जाणार आहे.